'इन द सेम बोट' म्हणायच्या आधी बघा, आपण त्या बोटीत खरंच बसलोय का

मी नोकरदार लोकांना इंग्लिश बोलायला शिकवते, संध्याकाळची बॅच असते. एकदा क्लास सुरू व्हायच्या आधीच एक मुलगी फोन घेऊन माझ्याकडे आली, चेहरा पार उतरलेला. तिच्या टीममधल्या एका मुलाची नोकरी गेली होती, त्याला धीर द्यावा म्हणून हिने मेसेज टाकला, 'डोन्ट वरी, वी आर ऑल इन द सेम बोट'. त्याचं उत्तर आलं, 'नो, यू स्टिल हॅव अ जॉब'. बस, एवढंच, त्यानंतर दोन दिवस तो बोलला नाही. हिचा प्रश्न होता, मॅडम माझं ग्रामर कुठे चुकलं?

ग्रामर कुठेच चुकलं नव्हतं. शब्दन् शब्द बरोबर, स्पेलिंगसुद्धा बरोबर. चुकलं होतं ते वेगळंच, आणि ते समजावता समजावता तो अख्खा तास गेला, त्या दिवशीचा धडा राहूनच गेला. तेव्हा जे बोलले ते आणि त्यानंतर या एका वाक्प्रचाराच्या मागे लागून जे वाचलं ते इथे लिहून काढतेय. कारण ऑफिसात, व्हॉट्सॲपवर, मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे आपण हे वाक्य वापरतो, मनापासून वापरतो, आणि तरी कधीकधी समोरच्याला ते लागतं.

आधी सरळ अर्थ. 'टू बी इन द सेम बोट' म्हणजे एकाच अडचणीत असणं. तुझ्यावर जी वेळ आलीय तीच माझ्यावर आलीय. अर्थ एवढाच आहे, पण यात एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. हे वाक्य दिसायला समोरच्याबद्दलचं असलं तरी खरं तर ते बोलणाऱ्याबद्दलचं आहे. 'तू एकटा नाहीस' एवढंच ते सांगत नाही, 'मी पण त्यातच आहे' असं सांगतं. म्हणजे बोलणारा स्वतःच्या परिस्थितीबद्दल एक दावा करतोय, आणि तो दावा खरा नसेल तर समोरच्याला ते लगेच कळतं. त्या मुलाला कळलं तसं.

आता बोटच का, बस का नाही, गाडी का नाही, हे बघण्यासारखं आहे. माझं आजोळ खाडीकाठचं, तिथे पूल व्हायच्या आधी पलीकडे जायला तर होती, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, त्यामुळे मला हे समजायला फार डोकं लावावं लागलं नाही. बस बिघडली तर माणूस खाली उतरतो, रिक्षा करतो, नाहीतर चालत सुटतो. तरीत एकदा बसलं आणि काठ सुटला की उतरायची सोय नाही. मासळीची पाटी घेतलेली बाई असो, शाळेतली पोरं असोत, लग्नाला निघालेला नवरदेव असो, पाणी आत यायला लागलं की सगळ्यांचेच पाय भिजणार, आणि भोक माझ्या बाजूला नाहीये असं म्हणून कुणाची सुटका होत नाही. एकजण घाबरून उभा राहिला तर होडी सगळ्यांचीच डुलते. म्हणजे संकट एकच, बाहेर पडायला वाट नाही, आणि एकाच्या हालचालीने दुसऱ्याचं बरंवाईट होणार, या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात आहेत. इंग्लिश माणूस रोज बोलताना एवढा विचार करत नाही, त्याला फक्त 'सारखीच अडचण' एवढंच म्हणायचं असतं, पण मूळ चित्र हे आहे आणि ते डोक्यात असलं की वाक्य कुठे बसतं आणि कुठे बसत नाही ते आपोआप कळायला लागतं.

हा वाक्प्रचार इंग्लिशमध्ये कधीपासून आहे? छापील इंग्लिशमधलं जुनं उदाहरण म्हणून 1584 सालचं एक भाषांतर दाखवतात. थॉमस हडसन नावाचा माणूस, स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याच्या दरबारातला संगीतकार, त्याने एका फ्रेंच कवीची ज्यूडिथ या बायबलच्या परंपरेतल्या नायिकेवरची मोठी कविता इंग्लिशमध्ये आणली. गोष्ट वेढा पडलेल्या शहराची आहे. त्यात अशा अर्थाच्या ओळी येतात की तुम्हाला दुःख आहे ना, तसंच दुःख आम्हालाही आहे, कारण आपण दोघंही एकाच बोटीत चढून निघालोय, आणि मग पुढे येतं की एकच भरती आणि एकच वादळ आपल्याला हेलकावे देतंय. वेढा पडलेलं शहर म्हणजे बोटच की, दरवाजे बंद, बाहेर शत्रू, कुणालाच कुठे जाता येत नाही. इतकी चपखल जागा या वाक्प्रचाराला नंतर क्वचितच मिळाली असेल.

पण कल्पना त्याच्याही कितीतरी आधीची आहे. इसवी सनपूर्व 53 मध्ये रोममधला प्रसिद्ध वकील आणि राजकारणी सिसेरो याने कुरिओ नावाच्या त्याच्या तरुण मित्राला पत्र लिहिलं. कुरिओ तेव्हा सरकारी कामावर आशिया प्रांतात होता, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात. रोममध्ये तेव्हा राजकारणाचा विचका झालेला, आणि सिसेरो लिहितो की इथे काय चाललंय ते मला पत्रात लिहायचीसुद्धा हिंमत होत नाही. मग लॅटिनमध्ये म्हणतो, 'इन एआदेम एस नाव्ही', तू कुठेही असलास तरी त्याच नावेत आहेस. आणि लगेच पुढे म्हणतो की तरी तू इथे नाहीस याबद्दल तुझं अभिनंदन, निदान आम्हाला जे बघावं लागतंय ते तुला बघावं लागत नाही.

मला हे पत्र फार आवडतं. हजारो किलोमीटर लांब बसलेला माणूस एकाच नावेत कसा? तर देश बुडाला की त्याचंही भविष्य बुडणार म्हणून. पण रोज डोळ्यासमोर घडताना बघणं आणि लांबून ऐकणं यात फरक आहे, हेही सिसेरोला त्याच वाक्यात मान्य आहे. नाव एक आहे, पण तू आणि मी वेगळ्या जागी बसलोय, आणि तुझी जागा जरा बरी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने एवढं प्रामाणिकपणे हे वापरलं. पुढे त्या दोघांचं काय झालं तेही सांगते. कुरिओ सीझरच्या बाजूला गेला आणि इसवी सनपूर्व 49 मध्ये आफ्रिकेतल्या लढाईत मेला. सिसेरोला इसवी सनपूर्व 43 मध्ये मारून टाकलं. आणि ज्या प्रजासत्ताकाची काळजी होती ते काही वर्षांत उरलंच नाही.

2021 च्या एप्रिल-मेमध्ये परदेशात असलेली आपली माणसं जशी फोनवर बोलायची ते मला हे पत्र वाचताना आठवलं. माझा भाऊ तेव्हा आयर्लंडमध्ये होता, इकडे आमच्या घरात तिघं आजारी, ऑक्सिजनसाठी फोनाफोनी चाललेली, विमानं नाहीत त्यामुळे त्याला येता येत नव्हतं. तो एकदाही असं म्हणाला नाही की आपण एकाच बोटीत आहोत. तो म्हणायचा, 'मी इथे बसून नुसता फोन करतोय गं, तुम्ही करताय ते तुम्हीच करताय.' तरी रात्री दोनला त्याचा फोन लागायचाच. नावेत तोही होता, फक्त तसं म्हणायचा हक्क आपल्याला नाही असं त्याला वाटत होतं.

तर, परत शब्दाकडे. लॅटिनमधलं 'नाव्हिस', ग्रीकमधलं 'नाउस' आणि आपल्या संस्कृतमधलं 'नौ', हे तिन्ही सख्खे नाही तरी चुलत भाऊ आहेत, एकाच जुन्या घराण्यातले. आपली नाव, नावाडी, नौदल आणि त्यांची नेव्ही, नेव्हिगेशन, सगळे नातलग. इथे एक सांगायला पाहिजे, कारण तो फॉरवर्ड मला दर सहा महिन्यांनी येतो. नेव्हिगेशन हा शब्द संस्कृत 'नवगती'वरून आला असं त्यात म्हणतात, ते खरं नाही. तो लॅटिनमधून आलाय. नातं आहे, पण भावाभावाचं आहे, बाप-लेकाचं नाही. आणि मजा म्हणजे मळमळीला इंग्लिशमध्ये नॉशिया म्हणतात ना, तो शब्द त्याच ग्रीक 'नाउस'वरून आलाय, म्हणजे मूळ अर्थ जहाजाने होणारा त्रास. आपल्याकडे जुनी माणसं काय म्हणतात? बोट लागली. अगदी तोच विचार, कुणी कुणाचं न बघता केलेला. 'बोट' हा शब्द मात्र वेगळ्या कुळातला, इंग्लिशचा स्वतःचा, जर्मन भाषांच्या घराण्यातला, जो आपण इतका आपलासा केलाय की हाताचं बोट आणि पाण्यातली बोट यात कुणाचा गोंधळही होत नाही.

लॅटिनमधली म्हण मग युरोपभर कशी पोचली, तर डच विद्वान इरॅस्मस याने जुन्या म्हणींचा प्रचंड मोठा संग्रह केला, त्याची पहिली छोटी आवृत्ती 1500 सालची, नंतर तो वाढवतच गेला. सिसेरोची ही नाव त्या संग्रहात आहे. शिकलेले लोक तिथून म्हणी उचलायचे. आज जर्मन माणूस एकाच बोटीत 'बसलेला' असतो, फ्रेंच आणि स्पॅनिश माणूसही एकाच बोटीत असतो.

आणि मग चीन. तिथली गोष्ट सगळ्यात भारी आहे, आणि तिचा रोमशी काही संबंध नाही. सुन त्झूच्या नावावर असलेला युद्धकलेवरचा जुना ग्रंथ आहे, त्याच्या अकराव्या प्रकरणात येतं की वू आणि युए ही दोन राज्यं, तिथल्या लोकांचं एकमेकांशी हाडवैर, पण तेच लोक एका नावेतून नदी ओलांडत असताना वादळ आलं तर एकमेकांना अशी मदत करतील जसा डावा हात उजव्या हाताला करतो. यावरून चिनी भाषेत जी म्हण आहे तिचा अर्थ 'एका नावेतून मिळून पार होणं'. जपानीतही वू-युएच्या नावाने म्हण आहे, ती शत्रू नाइलाजाने एकत्र आले की वापरतात. 2009 च्या फेब्रुवारीत, जगभर मंदी आलेली असताना, हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री म्हणून पहिल्या दौऱ्यावर आशियात निघाल्या तेव्हा न्यूयॉर्कमधल्या भाषणात त्यांनी हीच गोष्ट सांगितली होती.

फरक लक्षात आला का? इंग्लिश वाक्प्रचार फक्त परिस्थिती सांगतो, आपण दोघं अडकलोय. चिनी म्हण काम सांगते, मिळून वल्हवा. इंग्लिशमध्ये हे 'मिळून वल्हवा' आपोआप येत नाही. म्हणून तुम्ही 'वी आर इन द सेम बोट' म्हणून गप्प बसलात तर समोरच्याला वाटू शकतं, बरं मग? पुढे काय? त्याच्यापुढे एक वाक्य जोडावं लागतं, काय करूया ते सांगणारं. हे मी आता प्रत्येक बॅचला सांगते.

आता वापरायचं कसं. क्रियापद बहुतेक वेळा साधं 'बी' असतं, म्हणजे ॲम, इज, आर, वॉज, वेअर. 'आय हॅव टू फाइंड अ न्यू फ्लॅट बाय जून, अँड माय कलीग इज इन द सेम बोट.' मलाही जूनपर्यंत घर शोधायचंय, तिलाही शोधायचंय. 'नाइदर ऑफ अस कॅन ड्राइव्ह, सो वी आर इन द सेम बोट.' कुणासारखं ते सांगायचं असेल तर पुढे 'ॲज' लावतात, 'शी इज इन द सेम बोट ॲज मी'. 'विथ'ही ऐकू येतं, पण 'ॲज'ने कधीच चुकणार नाही. 'द' सोडायचा नाही, 'इन अ सेम बोट' होत नाही कारण सेमच्या आधी द येतोच. हजार माणसं असली तरी बोट एकच, 'सेम बोट्स' नाही. आणि 'इन', 'ऑन' नाही, 'ऑन द सेम बोट' म्हटलं तर बऱ्याच जणांना तुम्ही खरोखर मांडव्याच्या बोटीवर भेटला होता असं वाटेल.

आपल्याकडे भारतात 'वी आर सेलिंग इन द सेम बोट' फार चालतं. शाळेत तसंच पाठ केलेलं असतं, आणि मराठीतून विचार केला तर 'एकाच नावेतून प्रवास' असं डोक्यात येतंच. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस सेलिंग म्हणत नाही, तो नुसतं 'आर इन' म्हणतो. चूक म्हणून कुणी तुम्हाला हसणार नाही, अर्थ पोचतो, भारतातल्या भारतात तर बिनधास्त बोला. पण आयेल्ट्ससारखी परीक्षा असेल किंवा बाहेरच्या क्लायंटला लिहीत असाल तर सेलिंग गाळा, वाक्य हलकं होतं.

चांगल्या गोष्टीला हे लावत नाहीत. दोघांनाही प्रमोशन मिळालं आणि तुम्ही 'वी आर इन द सेम बोट' म्हणालात तर समोरचा विचारेल की का, नव्या पोस्टवर काही भानगड आहे का? आणखी एक, खूप मोठ्या दुःखाला हे फार हलकं पडतं. कुणाचं माणूस गेलंय, तुमचंही गेलंय, तरी तिथे बोट काढू नका. भाड्याचं घर, परीक्षेचा निकाल, व्हिसाची वाट बघणं, बंद पडलेली लिफ्ट, ॲडमिशनची यादी, पगार उशिरा होणं, या मापाच्या अडचणींना ते शोभतं.

गोंधळ कुठे होतो तेही सांगते, कारण बोट सोडून आणखी दोन वाक्प्रचार लोक याच्यात मिसळतात. 'ऑन द सेम पेज' म्हणजे एकमत, दोघांना गोष्ट सारखीच समजलीय आणि पटलीय. बोटीत असणाऱ्यांचं एकमत असेलच असं नाही, वू आणि युएचं कुठे होतं? आणि 'इन युवर शूज' म्हणजे तुझ्या जागी मी असतो तर, कल्पना करणं. हा फरक फार महत्त्वाचा आहे. शूजमध्ये तुम्ही मनाने शिरता, बोटीत तुम्ही अंगाने बसलेले असता. ज्याची नोकरी गेली नाही त्याला शूजमध्ये शिरता येतं, बोटीत बसता येत नाही. माझ्या विद्यार्थिनीची चूक बरोब्बर इथे होती, मनाने ती त्याच्या जागी जाऊन आली होती आणि लिहिताना मात्र अंगाने तिथे असल्यासारखं लिहिलं.

बोटीचे बाकीचे वाक्प्रचार पटकन सांगून टाकते म्हणजे एकात एक जाणार नाहीत. 'मिस द बोट' म्हणजे संधी हुकणं. 'रॉक द बोट' म्हणजे सगळं नीट चाललेलं असताना ढवळाढवळ करणं, वरिष्ठ लोक बहुतेक 'डोन्ट'च्या पुढे लावतात. यांचा समदुःखाशी संबंध नाही.

आणि 'वी आर ऑल इन धिस टुगेदर'. हे सेम बोटचं जवळचं भावंड, पण यात वचन आहे, मी तुझ्याबरोबर उभा राहणार असं. म्हणून राजकारण्यांना ते आवडतं. 2009 च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमधल्या हुजूर पक्षाच्या अधिवेशनात जॉर्ज ऑस्बर्न यांनी सरकारी खर्चाच्या कपातीबद्दल बोलताना हे वाक्य पुन्हा पुन्हा वापरलं. पुढच्या वर्षी ते अर्थमंत्री झाले, कपात आली, आणि तेच वाक्य पुढे कित्येक वर्षं लोक त्यांना परत ऐकवत राहिले, की सांगा, तुम्ही कुठे आहात आमच्याबरोबर?

या वाक्प्रचाराची खरी परीक्षा झाली ती 2020 मध्ये. 27 मार्चला पोप फ्रान्सिस रोममध्ये सेंट पीटर्स चौकात एकटे उभे राहून बोलले, पाऊस पडत होता, एरवी माणसांनी भरलेला तो चौक पूर्ण रिकामा. बायबलमधली वादळात सापडलेल्या होडीची गोष्ट घेऊन ते म्हणाले की आपण सगळे एकाच बोटीत आहोत हे आता आपल्याला कळलंय, सगळेच नाजूक आणि भांबावलेले. तेव्हा ते ऐकून खूप लोकांना आधार वाटला, मलाही वाटला. पण महिन्याभरात, एप्रिलमध्ये, डेमियन बार नावाच्या ब्रिटिश लेखकाने लिहिलं की आपण एका बोटीत नाही आहोत, एका वादळात आहोत, कुणी आलिशान यॉटमध्ये आहे आणि कुणाच्या हातात फक्त एक वल्हं आहे. ते जगभर फिरलं, आपल्याकडे मराठीतही वेगवेगळ्या शब्दांत फिरलं, बहुतेक वेळा त्याचं नाव न लावता. आणि 18 जुलैला, नेल्सन मंडेला यांच्या जन्मदिनी, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँटोनियो गुटेरेस यांनी भाषणात सरळ सांगितलं की आपण सगळे एका बोटीत आहोत हा भ्रम आहे, समुद्र एकच असला तरी काही जण सुपरयॉटमध्ये आहेत आणि काही जण तरंगणाऱ्या फळकुटांना धरून आहेत.

मार्च ते जुलै, चार महिन्यांत एका वाक्प्रचाराचं असं झालं. आणि आपण ते डोळ्यांनी बघितलं होतं ना, घरात लॅपटॉप उघडून बसलेले आपण आणि मुंबई-पुण्याहून डोक्यावर बोचकी घेऊन हायवेने चालत गावाकडे निघालेले लोक, विषाणू तोच, लॉकडाऊन तोच. आपण त्या लोकांना 'वी आर इन द सेम बोट' म्हणू शकलो असतो का?

बरं, एकाच बोटीत खरोखर बसलेले लोकसुद्धा सारखे नसतात. टायटॅनिक घ्या. 15 एप्रिल 1912 ला बुडाली, जहाजावर साधारण 2200 माणसं, लाइफबोटी फक्त 20, त्यांत जागा 1178 जणांची. साधारण 1500 माणसं गेली. जहाज एकच, हिमनग एकच, पाणी सगळ्यांना सारखंच थंड. तरी पहिल्या वर्गातले दहातले सहा प्रवासी वाचले आणि तिसऱ्या वर्गातले चारातला एक. लाइफबोटी होत्या वरच्या डेकवर, तिसऱ्या वर्गाच्या खोल्या बऱ्याचशा खाली, तिथून वर यायची वाट लांबची आणि गुंतागुंतीची. म्हणून मी म्हणते की फक्त बोट एक आहे का ते बघून चालत नाही, कोण कुठल्या डेकवर आहे तेही बघावं लागतं, आणि तुम्ही वरच्या डेकवर असाल तर खालच्याला तुम्ही हे वाक्य म्हणू नका. खालच्याने खालच्याला म्हणावं, तिथे ते फार गोड वाटतं.

हेच वाक्य वरून खाली आलं की त्याचा सूरही बदलतो. 'यू आर इन द सेम बोट ॲज द रेस्ट ऑफ अस', हे दोन व्हिसा अडकलेल्या मित्रांनी एकमेकांना म्हटलं तर पाठीवर हात ठेवल्यासारखं आहे, आणि पगारवाढ मागायला गेलेल्या माणसाला साहेबाने म्हटलं तर त्याचा अर्थ होतो, तक्रार बंद कर. शब्द तेच आहेत हं, एक अक्षर बदललेलं नाही.

मग त्या मुलीने लिहायला काय हवं होतं? आम्ही सगळ्यांनी मिळून दोन-तीन पर्याय काढले. 'आय कान्ट इमॅजिन हाउ हार्ड धिस इज' हे एकाने सुचवलं, ठीक आहे, पण तिला ते परकं वाटलं. शेवटी तिने जे पाठवलं ते असं होतं, 'यू आर राइट, आय ॲम नॉट इन द सेम बोट. बट आय कॅन फॉरवर्ड युवर रेझ्युमे टू टू पीपल आय नो. शॅल आय?' बरोबर आहेस, मी त्या बोटीत नाही, पण माझ्या ओळखीच्या दोघांना तुझा रेझ्युमे पाठवू शकते, पाठवू का? एवढ्या तीन ओळी लिहायला तिला पंधरा मिनिटं लागली. त्याने रेझ्युमे पाठवला.

त्याच दिवशी निघताना तिने विचारलं की मॅडम, हेच मराठीत म्हणायचं असेल तर काय म्हणायचं, आपल्याकडे म्हण असेलच ना. आणि मी जरा अडकले, कारण म्हणी भरपूर आहेत आणि एकही नेमकी तिथे बसत नाही. 'घरोघरी मातीच्याच चुली' सगळ्यात जवळची, अडचणी सगळ्यांनाच असतात हा अर्थ, पण तिथे प्रत्येकाची चूल वेगळी आहे, प्रत्येकजण आपापल्या घरात आपापला धूर खातोय, एकत्र अडकणं त्यात नाही. 'एकाच माळेचे मणी' लोक वापरतात पण तो टोमणा आहे, सगळे सारखेच नालायक असा, धीर देताना म्हणालात तर मैत्री संपेल. 'सुक्याबरोबर ओलंही जळतं' यात दुसऱ्याच्या पापाची शिक्षा आपल्याला असा भाव आहे. समदुःखी हा शब्द अर्थाने अगदी बरोबर, पण बोलताना कोण म्हणतं, 'मी तुझा समदुःखी आहे'?

मला स्वतःला या सगळ्यात 'जात्यातले रडतात, सुपातले हसतात' ही म्हण फार मोठी वाटते. जात्यात दळले जाणारे दाणे रडतायत, सुपातले अजून हसतायत, त्यांना कळत नाही की पुढची मूठ त्यांचीच आहे. ज्याची नोकरी अजून गेलेली नाही तो सुपात आहे. तो जात्यातल्याला 'मी पण तुझ्याबरोबर' म्हणू शकत नाही, आणि 'तुझं तू बघ' असंही म्हणू शकत नाही कारण धान्य एकच आहे. सिसेरोने कुरिओला जे लिहिलं ते जवळपास हेच. पण ही म्हण धीर द्यायला वापरता येत नाही, ती सुपातल्याला जागं करायला आहे.

'एकाच नावेतले प्रवासी' हे मराठीत रुळलेलं आहेच, लेखात, भाषणात चांगलं वाटतं. घरी, फोनवर, रडणाऱ्या मैत्रिणीला मात्र आपण नाव-बीव काही आणत नाही. आपण म्हणतो, 'अगं माझं पण तेच चाललंय', किंवा पोरं म्हणतात तसं 'भावा, आपलं पण सेम'. तिला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, पण माझं तेच चाललं नसेल तर? मग 'अगं' म्हण आणि ऐकत बस, मी म्हटलं.